मे महिन्याच्या उन्हात बिघडलेली १/२५ ची चार्जर: रंग कसा उतरवायचा आणि परत कसा चढवायचा

परभणीचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा विचारायलाय, त्याचा प्रश्न थोडक्यात असा: मामेभावानं १९६८ च्या डॉज चार्जर आर/टीचं १/२५ चं प्लास्टिक कीट आणून दिलं, परीक्षा संपल्या संपल्या यानं मे महिन्यात भर दुपारी स्लॅबवर नेऊन हार्डवेअरच्या दुकानातल्या लाल स्प्रे कॅननं बॉडी रंगवली, तर रंग छपरावर खरखरीत झाला, दाराच्या फटीत साचून फटच बुजली आणि बॉडीवरची बारीक अक्षरं दिसंनाशी झाली. आता वरून क्लिअर, म्हणजे बिनरंगाचा चमकदार थर, मारला तर चमक येईल का, का एअरब्रश, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा बारीक फवाऱ्याचा पेन, घ्यावा लागंल, का बॉडी वायाच गेली?

बॉडी वाया गेलेली नाही, ती पूर्ण परत मिळतीय. क्लिअर मात्र अजिबात मारू नको, खरखरीत रंगावर क्लिअर मारला की खरखर आत कायमची बंद होतीय आणि जाडी अजून वाढतीय. एअरब्रशचं शेवटी सांगतो.

आधी एक हिशोब डोक्यात बसव, पुढचं सगळं त्याच्यावरच चालतंय. ही गाडी खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी आहे, म्हणजे तू तिच्यावर जे काही चढवशील त्याला २५ नं गुणायचं. प्रायमर, रंग, क्लिअर मिळून ०.१ मिमी थर झाला तर खऱ्या गाडीवर तो अडीच मिमीचा लेप झाला की! खऱ्या गाडीवर सगळा रंग मिळूनच ०.१ मिमीच्या आसपास असतोय, तर हिशोबानं तुझा थर ०.००४ मिमी पाहिजे. तेवढं कुणालाच जमत नाही, पण जेवढं पातळ जाता येईल तेवढं जायचं. दाराची फट खऱ्या गाडीला ५ मिमी धरली तर तुझ्या बॉडीवर ती ०.२ मिमी येती, आणि त्या फटीत दोन्ही बाजूंनी ०.१ चढला की शिल्लक काय राहिलं? तुझी फट तिथं गेली. अक्षरांचंही तेच, ती तर फटीपेक्षाही कमी उंचीची असतेत.

खरखरीचं कारण मात्र वेगळं, ते आपल्या हवेत आहे. स्प्रेचा थेंब कॅनमधून निघून बॉडीवर पोचला की त्यानं ओलं राहून शेजारच्या थेंबात मिसळायला पाहिजे, तरच सपाट पृष्ठभाग तयार होतोय. परभणीत मे महिन्यात दुपारी पारा ४२-४३ ला, हवा कोरडी, वर स्लॅब तापलेला, वारं सुटलेलं, अशात थेंब हवेतच अर्धा वाळतोय आणि बॉडीवर भुकटी होऊन बसतोय. पेंटर लोक याला ड्राय स्प्रे म्हणतेत. छपरावर जास्त झालं कारण छपराला तू लांबून मारलं असणार, आणि दारावर जवळून, एका जागी थांबून, म्हणून तिकडं साचला.

मी वाळूजला गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये काम करतो. तिथं बूथमध्ये हवा गाळून आत घेतात, तापमान आणि दमटपणा दोन्ही धरून ठेवतात, तेव्हा कुठं रंग सारखा बसतोय. घरी बूथ नाही म्हणून आपण वेळ निवडायची, आणि खरं सांगायचं तर मराठवाड्यात मॉडेल रंगवणाऱ्यासाठी कुठल्याही महागड्या हत्यारापेक्षा वेळ निवडणं जास्त मोलाचं आहे. सगळ्यात चांगला काळ दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत, सकाळी दहा ते दुपारी एक-दीड, ऊन आलेलं पण वारं नाही. परभणीत थंडीत पहाटे पारा दहाच्या खाली जातोय तेव्हा लई लवकर बसू नको, थंडीत कॅनचा दाब पडतोय आणि मोठे मोठे थेंब येतेत, अशा वेळी कॅन कोमट पाण्यात जरा वेळ उभा करायचा आणि मग हलवायचा. कोमट म्हणजे हात सहज बुडवता येईल एवढंच, कॅन गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीच न्यायचा नाही, फुटतोय. उन्हाळ्यात मारायचंच असेल तर सकाळी सात-साडेसातच्या आत उरकायचं. पावसाळ्यात झड लागली असेल तर लॅकर म्हणजे झटपट वाळणाऱ्या रंगाला हात लावू नको, सॉल्व्हंट म्हणजे रंगाला पातळ ठेवणारं द्रव झपाट्यानं उडताना पृष्ठभाग गार पडतोय, त्याच्यावर हवेतला ओलावा बसतोय आणि रंगावर पांढुरकी साय येती.

आणि कूलर. हे कुणी सांगत नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालू असतोय आणि पोरं त्याच खोलीत दार लावून रंग मारतेत. कूलर म्हणजे पाण्याची वाफ खोलीत सोडणारं यंत्र, शिवाय वाळ्याच्या नाहीतर लाकडाच्या बारीक तंतूंच्या जाळीतला धुरळा त्या वाऱ्यासोबत येतोय. रंग मारायच्या खोलीत कूलर आधीपासून बंद पाहिजे, आणि रंग मारल्यावर बॉडी लगेच मोठ्या पालथ्या टबाखाली झाकून ठेवायची.

आता रंग उतरवायचं. थिनर वापरू नको, एनसी थिनर प्लास्टिकच वितळवतोय, पाच मिनिटांत बॉडीवरच्या रेषा मऊ पडतेत. पेट्रोलही नको, त्यानं हे प्लास्टिक ठिसूळ होतंय. टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात डॉट ३ चं ब्रेक ऑइल मिळतंय ते आण. झाकणाच्या डब्यात बॉडी बुडंल एवढं ओत, हातमोजे घाल, आणि आधी स्प्रूचा तुकडा म्हणजे ज्या काडीला पार्ट जोडून येतेत तिचा एक तुकडा रंगवून त्यात टाकून बघ. तुकडा नीट राहिला तर बॉडी टाक, रात्रभर ठेव, सकाळी जुन्या टूथब्रशनं आणि भांड्याच्या लिक्विडनं हळूहळू घास. एका रात्रीत नाही निघाला तर अजून ठेव, पण रोज काढून बघत जा. छपराचे पुढचे खांब लई पातळ असतेत, घासताना बॉडी छपराला धरायची नाही, आतून बोटं घालून आधार द्यायचा. ब्रेक ऑइल गाडीच्या खऱ्या रंगालाही खातंय, तर अंगणात बाबांच्या गाडीजवळ हे काम करू नको. वापरलेलं ऑइल मोरीत ओतायचं नाही, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजवाल्याला दे.

शेवटची धुलाई बोअरच्या पाण्यानं करू नको. आपल्याकडचं पाणी जड, वाळलं की पांढरे ठिपके सोडतंय आणि ते प्रायमरखाली तसेच उठून दिसतेत. प्यायच्या जारचं नाहीतर फिल्टरचं पाणी घे, आणि बॉडी पुसू नको, झटकून तशीच वाळू दे. नंतर बोटाचा तेलकटपणा लागू नये म्हणून आतून एखाद्या बाटलीवर चढवून तिलाच धरून काम करायचं.

रंगाच्या आधीच्या कामाला लोक कंटाळतेत, पण शेवटी जी चमक दिसतीय ती याच कामाची असतीय. साच्याचे भाग जिथं मिळतेत तिथं बॉडीवर बारीक उंचवट्याची रेघ असती, फेंडरच्या वरच्या कडेवर आणि छपराच्या मागच्या खांबांवर हमखास सापडंल. ब्लेडच्या पाठीनं खरवडायची, मग ६०० चा वॉटर पेपर पाणी लावून, मग १००० चा. खड्डा असला तर गॅरेजमध्ये वापरतेत ती एनसी लांबी चालती, पण लई पातळ हात मारायचा, वाळल्यावर परत दुसरा. ती वाळताना आकसती, आणि जाड भरली तर तिच्यातलं सॉल्व्हंट खालचं प्लास्टिक मऊ करतंय. त्यानंतर प्रायमरच्या आधीच दार, बॉनेट आणि डिकीच्या फटी ब्लेडच्या उलट्या टोकानं हळूहळू खोल करून घ्यायच्या, दाब न देता, एकाच दिशेनं, परत परत. रुंद करायच्या नाहीत, खोल करायच्या. तुझी जी फट बुजली ती इथंच वाचली असती.

आणि चिकटवायच्या आधी सगळं एकदा मास्किंग टेपनं जोडून बघ, चेसिस, इंटिरियर, काच, बॉडी, चाकं. काचेच्या तुकड्यावर ठेवून चारी चाकं टेकतेत का बघायचं. जे पार्ट बॉडीच्याच रंगाचे आहेत, जसं बंपरखालच्या पट्ट्या, ते रंगाच्या आधीच चिकटवून टाकायचे, म्हणजे रंग एकसारखा येतोय. चिकटवायला प्लास्टिकचं पातळ सिमेंट घे, ते दोन्ही कडा वितळवून एक करतंय. फेविक्विक काचेजवळ नको, त्याच्या वाफेनं काच पांढरी धुरकट होती. काचा आणि हेडलाइटला साधा फेविकॉल उत्तम, वाळला की पारदर्शक.

प्रायमर. हार्डवेअरमधल्या काही कॅनमधलं सॉल्व्हंट नुसत्या प्लास्टिकवर पडलं की बारीक तडे पाडतंय, म्हणून कुठलाही नवीन कॅन आधी स्प्रूवर, मग बॉडीच्या आतल्या बाजूला, आणि मगच वर. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचं प्लास्टिक अर्धं दिसलं पाहिजे, पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. २०-२५ सेंमी अंतर, सुरुवात बॉडीच्या बाहेर आणि शेवटही बाहेर, हात मध्ये थांबवायचा नाही. लालसाठी वरचा प्रायमर पांढरा नाहीतर फिकट गुलाबी घे. लाल आणि पिवळ्या रंगाला झाकायची ताकद कमी, खालचा रंग वर येतोय, राखाडी प्रायमरवर लाल मारला की तो काळपट दिसतोय म्हणून माणूस अजून एक हात मारतोय, अजून एक मारतोय, आणि परत तीच जाडी. पांढऱ्यावर दोन-तीन पातळ हातांत लाल उजळतोय. तुझ्या कीटचं प्लास्टिक पांढरं आहे ते बरं, लाल प्लास्टिकचं कीट असतंय तेव्हा तो लाल वरच्या पांढऱ्या-पिवळ्या रंगात झिरपतोय, त्याला मध्ये चंदेरी थर द्यावा लागतोय.

अक्षरांसाठी एक युक्ती आहे, ती मला फार आवडती. प्रायमर झाल्यावर, लाल मारायच्या आधी, प्रत्येक अक्षरावर चिकटणाऱ्या पातळ धातूच्या फॉइलचा चिमुकला तुकडा दाबून बसवायचा आणि कडा कापून टाकायच्या. वरून बेधडक लाल मारायचा. वाळला की कापसाच्या काडीला किंचित थिनर लावून फक्त अक्षराच्या माथ्यावरून फिरवायची, तेवढाच लाल निघतोय आणि खालून चकचकीत अक्षर वर येतंय. थिनर इथं चालतोय कारण काडी जवळपास कोरडी असती आणि खाली फॉइल आहे. या मापाची अक्षरं ब्रशनं रंगवून कधीच एवढी नीट येत नाहीत.

लालचे हातही तसेच, पहिले दोन धुक्यासारखे, शेवटचा जरा ओला, उजेडात तिरकं धरून बघत मारायचा, पृष्ठभाग पाणी धरल्यागत दिसला की थांबायचं. ओघळ आला तर ओल्यात बोट लावू नको, पूर्ण वाळू दे आणि मग १५०० च्या पेपरनं खाली घे. वाळला का हे हातानं बघायचं नसतं, नाक जवळ नेऊन बघायचं, रंगाचा वास येतोय तोवर आतून सॉल्व्हंट निघतोय. लॅकरला काही दिवस, एनामल म्हणजे सावकाश वाळणाऱ्या रंगाला आठवडा, कधी जास्तच. लवकर वाळावं म्हणून उन्हात किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नको, आपल्या उन्हात पातळ खांब वाकतेत आणि मग काच बसत नाही.

आता क्लिअर. इथं माझं मत सरळ आहे: या गाडीला साध्या लाल रंगावर क्लिअर लागतच नाही. त्या काळात क्रायस्लरच्या कारखान्यात गाड्यांवर एनामल मारून भाजायचे, जनरल मोटर्सवाले ॲक्रिलिक लॅकर वापरायचे, आणि दोन्हीकडं वरून वेगळा क्लिअर नव्हता. शोरूममधून निघालेल्या चार्जरवर बारीक ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, असायचंच. काचेसारखा जाड क्लिअर चढवलेलं मॉडेल चमकतंय, पण खेळण्यासारखं दिसतंय, २५ चा हिशोब तिथं मोडतोय. शेपटावरच्या आर/टीच्या पट्ट्यांचे डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायचे स्टिकर, झाकायला म्हणून एक-दोन पातळ हात मार, तेही डिकॅल पूर्ण वाळल्यावर, आणि पहिला हात अगदी सुका, कारण ओला लॅकर क्लिअर एकदम पडला की डिकॅल सुरकुततोय. एनामल रंगावर लॅकर क्लिअर तर नकोच, खालचा रंग उचलून येतोय. मग २००० च्या वॉटर पेपरनं हलक्या हातानं, पाण्यात साबणाचा थेंब टाकून, कडा आणि बॉडीच्या धारेवर न जाता, आणि शेवटी बारीक रबिंग कंपाउंड मऊ कापडानं. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतोय, तिथं दोन घासण्यांत प्रायमर दिसतोय.

दोन घटकांचा, हार्डनर मिसळायचा क्लिअर घरी वापरू नको. त्यात आयसोसायनेट असतंय, ते फुप्फुसाला कायमचं धरतंय, आमच्याकडं त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारे मास्क घालतेत. साध्या कॅनलाही ऑरगॅनिक व्हेपर काट्रिजचा मास्क घे, कोविडमधला एन-९५ फक्त धूळ अडवतोय, वाफ अडवत नाही. घरात लहान लेकरं असतील तर वास जाईपर्यंत बॉडी त्यांच्या खोलीत ठेवायची नाही.

क्रोमच्या पट्ट्या, म्हणजे काचेभोवतीची आणि छपराच्या कडेची, बारीक फॉइलनं कर. बेअर-मेटल फॉइल मागवलं तर एका शीटमध्ये बऱ्याच गाड्या होतेत. नवीन ब्लेड, लाकडी टूथपिकनं दाबून बसवायचं, मग कापायचं. क्रोमचा पेन वापरणार असशील तर तो सगळ्यात शेवटी, त्याच्यावर क्लिअर मारला की तो राखाडी पडतोय आणि बोट लागलं तरी चमक जाती.

फोटो बघून काम करशील तेव्हा ६८ आणि ६९ मिसळू नको. ६८ ला मागं चार गोल दिवे आणि पुढची जाळी सलग, ६९ ला मागचे दिवे लांबट आणि जाळी मधून दुभागलेली. दोन्हींना हेडलाइट झाकलेलेच. इंजिनाचंही बघून घे. आर/टीला ४४० मॅग्नम (४४०, ४२६ हे इंजिनाच्या मापाचे, क्युबिक इंचांचे आकडे), ३७५ हॉर्सपॉवरचं, हे नेहमीचं होतं आणि ४२६ हेमी, ४२५ हॉर्सपॉवरचं, हे जादा पैसे देऊन. रुंद व्हॉल्व्ह कव्हर आणि प्लगच्या वायरी कव्हरच्या मधूनच आत जातेत तर हेमी. ६८ सालचं ४४० हिरवट निळ्या टरक्वाइज रंगाचं, हेमी नारिंगी, आणि हेमीचे कव्हर काळे सुरकुत्याच्या फिनिशचे. पुष्कळ जण दोन्ही नारिंगी करून टाकतेत.

वायरी घालायच्या तर परत २५ चा भागाकार: खरी प्लग वायर ७-८ मिमीची, म्हणजे तुला ०.३ मिमी पाहिजे. खराब इअरफोनच्या आतली रंगीत बारीक वायर जवळपास तेवढीच भरती. डिस्ट्रिब्युटर या इंजिनाला पुढं असतोय, आठ वायरी प्लगला आणि एक कॉइलला. फायरिंग ऑर्डर म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम १-८-४-३-६-५-७-२, ड्रायव्हरच्या बाजूला विषम आकडे, दुसऱ्या बाजूला सम. (गाडी अमेरिकन, ड्रायव्हर डावीकडं.) हे कुणाला दिसणार, असं म्हणू नको, बॉनेट उघडल्यावर हीच गोष्ट मॉडेलला खरं करती.

खालची बाजू सरसकट काळी करू नको. चार्जरला वेगळी फ्रेम नसती, बॉडी आणि फरशी एकच असती, तर खाली प्रायमरचा रंग आणि कडेकडेनं बॉडीच्या लालचा उडालेला फवारा, असं दिसलं पाहिजे. टायरचा माथा ४०० च्या पेपरवर फिरवून चकाकी काढ. आणि मऊ व्हिनाइलचे टायर कडक प्लास्टिकला वर्षानुवर्षं चिकटून राहिले की त्यातलं तेल प्लास्टिक वितळवतंय, म्हणून रिमला आतून रंगाचा थर पाहिजेच, आणि गाडी प्लास्टिकच्या डब्यात ठेवताना टायरखाली काच किंवा लाकूड.

वेळेचं असं धर. आता रंग उतरवून घे, रेघा आणि फटींचं काम कर. पावसाळाभर इंजिन, इंटिरियर, चेसिस, सगळं पाण्यातल्या ॲक्रिलिकनं ब्रशनं होतंय, झड लागली तरी अडत नाही. सीटला मॅट काळा नको, व्हिनाइलला किंचित चमक असती, सॅटिन घे. बॉडीचा लाल दिवाळी झाल्यावर.

एअरब्रश आत्ता घेऊ नको. तुझं जे बिघडलं ते ऊन, अंतर आणि जाडी यांनी बिघडलं, आणि त्या उन्हात एअरब्रशचे थेंब तर कॅनपेक्षा बारीक, ते अजून लवकर वाळले असते. ही बॉडी कॅननंच नीट कर. पुढच्या कीटला घ्यायचा तर ड्युअल ॲक्शन, म्हणजे एकाच बटणानं हवा आणि रंग दोन्ही कमी-जास्त करता येणारा, ०.३ चं नोझल, कॉम्प्रेसर टाकीवाला, त्याला रेग्युलेटर आणि पाणी अडवायचा फिल्टर असलेला, दाब १५ ते २० पीएसआय, आणि रंग दुधाइतका पातळ करून. टाकी असली तर हात मारता मारता लाइट गेली तरी चालू हात पुरा होतोय.